प्रोरोग म्हणजे बरखास्त नव्हे

'प्रोरोग' (prorogue) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कुणी 'संसद बरखास्त करणे' असा देतं, तो चुकीचा आहे. बरखास्तीला, म्हणजे विसर्जनाला, 'डिझॉल्व्ह' हे क्रियापद आहे, त्यानंतर निवडणूकच. प्रोरोग केलं की फक्त अधिवेशन संपतं, खासदार खासदारच राहतात. आपल्याकडे त्याला सत्रसमाप्ती म्हणतात. दिवसाचं कामकाज तहकूब करतात अध्यक्ष. सत्रसमाप्ती मात्र राष्ट्रपती करतात, राज्यात राज्यपाल. आणि राज्यघटनेच्या कलम १०७ नुसार सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक रद्द होत नाही. हे फार महत्त्वाचं आहे! ब्रिटनमध्ये मात्र सत्रसमाप्ती झाली की बहुतेक प्रलंबित विधेयकं रद्द होतात. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सरकारच्या सल्ल्याने झालेली सत्रसमाप्ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवली, तेव्हा 'संसद पुन्हा भरवली' असं न म्हणता 'अधिवेशन संपलंच नव्हतं' असं मानलं गेलं. उच्चार 'प्रोरोग', 'प्रोरोग्यू' नाही.