भाचीसाठी सॉफ्टबॉलची बॅट घ्यायची आहे. वजन किती असावं? (मदत हवी आहे)

मंडळी नमस्कार. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे सॉफ्टबॉल खेळलेलं कोणीतरी नक्की सापडेल म्हणून विचारतोय.

भाची १३ वर्षांची, अमरावतीला असते. यंदा शाळेच्या १४ वर्षांखालच्या संघात निवड झाली. उंची ४ फूट ११ इंच, वजन ३८ किलो, उजव्या हाताने खेळते. वाढदिवसाला मामाकडून काय हवं विचारलं तर उत्तर आलं, "स्वतःची बॅट." मामा जन्मभर क्रिकेटवाला, त्यामुळे इथेच घोडं अडलंय.

शाळेच्या किटमध्ये दोन-तीन जुन्या बॅट आहेत आणि अख्खा संघ त्यांच्यावरच खेळतो. हिच्या वाट्याला येणारी ३४ इंची आहे, तिच्यावर २८ औंस असं छापलंय. दाजींनी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिली, आठशे ग्रॅमच्या किंचित वर भरली. ताईने व्हिडिओ पाठवला होता. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हात शिरायच्या बेतात असतो तेव्हा कुठे हिची बॅट प्लेटपर्यंत (मारणारीसमोरच्या जमिनीवरच्या पाटीपर्यंत) येते. लागला तर उजवीकडे फाऊल (रेघेबाहेर), नाहीतर डोक्यावर उंच झेल.

शाळेचे सर म्हणतात जड बॅटची सवय होऊ दे, चेंडू लांब जाईल. ताई म्हणते वाढत्या अंगाची घे, दहावीपर्यंत पुरली पाहिजे. ऑनलाइन बघावं तर ३०/२०, ३१/२१, उणे १०, उणे ११ असे आकडे. ते काय प्रकरण आहे? आणि "बेसबॉल बॅट" नावाच्या लाकडी बॅट फार स्वस्तात दिसतात, त्यातली चालेल का?

गल्ली क्रिकेटर:
सॉफ्टबॉलमधलं कळत नाही, पण सरांचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. सचिनची बॅट तीन पौंडांच्या वर होती. जड बॅट नुसती लावली तरी चेंडू पळतो.

तिसरा बेस:
शाळा, विद्यापीठ असं बरंच खेळलोय, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी सचिनचं. क्रिकेटची बॅट वरून खाली येते, तिचं वजनच तिला खाली आणतं. सॉफ्टबॉलमध्ये बॅट खांद्याजवळ हवेत धरून उभं राहायचं आणि तिथून आडवी फिरवायची. तिथे वजनाची फुकट मदत नाही, सगळं पोरीच्या कमरेतून आणि मनगटातून यायला हवं. शिवाय सचिन लहानपणी थोरल्या भावाच्या बॅटने खेळायचा, म्हणून दांडा अगदी खाली धरायची सवय लागली असं त्यानेच सांगितलंय. म्हणजे मोठी बॅट पोराची पकडच बदलून टाकते. सचिनचं त्यातूनही भलं झालं, पण असे किती निघतात?

आता आकडे. पहिला लांबीचा, इंचात. दुसरा वजनाचा, औंसात. वजनातून लांबी वजा केली की उणे १०, उणे ११ येतं, त्याला ड्रॉप म्हणतात. ३१ इंची उणे १० म्हणजे २१ औंस, साधारण ५९५ ग्रॅम. शाळेची ३४/२८ म्हणजे उणे ६ झाली. ती स्लो-पिचची (संथ, उंच चेंडू टाकून खेळतात त्या प्रकारची), मोठ्या माणसांची बॅट असणार. म्हणजे पोरगी स्वतःला हव्या त्या बॅटपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त फिरवतेय, आणि तेही तीन इंच लांब.

व्हिडिओचं जे वर्णन केलंत त्यातच निदान आहे. उजव्या हाताच्या हिटरचे फाऊल सारखे उजवीकडे जात असतील तर बॅट उशिरा येतेय. उंच झेल जात असतील तर बहुधा बॅरल (बॅटचा पुढचा जाड भाग) चेंडूच्या खाली घसरतंय, मागचं कोपर खाली पडत असेल बघा. आणखी एक खूण: जड बॅटवाली मुलगी उशीर होऊ नये म्हणून आधीच बॅट फिरवायला लागते. मग पिचरने चेंज-अप (मुद्दाम संथ चेंडू) टाकला की तिला थांबता येत नाही.

दुकानात एवढं करा. तिला हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करून एका हाताने, नॉबजवळ (दांड्याच्या टोकाच्या गाठीजवळ) धरून, बॅट आडवी धरायला सांगा. वीस-तीस सेकंदांत टोक खाली झुकायला लागलं किंवा हात थरथरला तर ती बॅट परत ठेवा. तिच्या अंगाला ३० किंवा ३१ इंच, २० ते २१ औंस ठीक.

वाढत्या अंगाचा गणवेश घ्यावा, बॅट घेऊ नये. बाह्या दुमडता येतात, वजन दुमडता येत नाही. ज्या वर्षी स्विंग बसायचा त्याच वर्षी तो बिघडतो आणि मग सुधारायला आम्हाला घाम फुटतो.

लाकडी बेसबॉल बॅट मुळीच नको. त्यातल्या बऱ्याच गाडीच्या सीटखाली ठेवायला विकल्या जातात, खेळायला नाही. सॉफ्टबॉलच्या बॅटचं बॅरल सव्वादोन इंचांपेक्षा जाड चालत नाही.

परसातली पिच:
न्यू जर्सीहून लिहितेय. माझी लेक इथे १२ वर्षांखालच्या संघात खेळते. इथे त्या गटाला पिचर ४० फुटांवर असते आणि चेंडू १२ इंच घेराचा. त्याहून लहान मुलींना ३५ फूट आणि ११ इंची चेंडू. तिच्या संघात बहुतेकींकडे उणे १० किंवा उणे ११ आहे.

'तिसरा बेस' यांनी सगळं नीट सांगितलंय, फक्त एक भर. छापलेलं वजन आणि हाताला जाणवणारं वजन वेगळं असतं. हातोडा दांड्याने धरा, मग उलटा करून डोक्याकडून धरा, वजन तेच पण फिरवायला किती फरक! बॅटचंही तसंच. २००३ मध्ये लॉइड स्मिथ, जेफ ब्रोकर आणि ॲलन नेथन यांनी सॉफ्टबॉल खेळाडूंना वेगवेगळ्या बॅट देऊन मोजलं होतं. वजन तेच ठेवून ते टोकाकडे सरकवलं की स्विंग मंदावला. फिरवण्यातला जडपणा तोच ठेवून नुसतं वजन बदललं तर फारसा फरक पडला नाही.

सारख्या वजनाच्या दोन बॅट हातात असतील तर प्रत्येक एका बोटावर आडवी तोलून बघा आणि तोल साधतो तिथे खडूची रेघ मारा. जिची रेघ नॉबच्या जवळ, ती फिरवायला हलकी. वर्णनात "एंड-लोडेड" (टोकाकडे जड) लिहिलं असेल तर सध्या सोडा, "बॅलन्स्ड" बघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. काल व्हिडिओ कॉलवर शाळेच्या बॅटने हाताची चाचणी घेतली. दहा आकडे मोजेपर्यंतच टोक खाली. ताई गप्प झाली, एवढं पुरे.

आणखी दोन शंका. ॲल्युमिनियम की कम्पोझिट (कार्बन फायबरची)? आणि नवी येईपर्यंत सामने आहेत, तोवर काय करावं? सरांना दुखवायचं नाहीये.

तिसरा बेस:
ॲल्युमिनियम घ्या. स्वस्त पडते आणि पहिल्या दिवसापासून तयार असते. कम्पोझिट चांगली, पण महाग. तिला आधी शेकड्याने चेंडू मारून मोकळं करावं लागतं, आणि सरावात कोणीतरी चेंडू फेकायच्या मशीनचे खळग्यांचे कडक चेंडू टाकले की तडा जातो. शाळेच्या किटबॅगेत तर ती नकोच. ॲल्युमिनियमला पोचे पडतील, पण चालत राहील.

तोवर हात नॉबपासून दीड-दोन इंच वर सरकवून धरायला सांगा. बॅट तीच राहते, फिरवायला हलकी होते. बंटचा (बॅट न फिरवता चेंडू नुसता हलका अडवायचा) सरावही वाढवा.

सरांशी वजनावरून वाद घालू नका. त्यांनाच विचारा, "सर, स्पर्धेत कोणत्या शिक्क्याची बॅट चालेल?" हे तसंही विचारावंच लागेल. बॅटवर अधिकृत सॉफ्टबॉलची असल्याचं छापलेलं हवं, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत डब्ल्यूबीएससीच्या (बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या जागतिक संघटनेच्या) मान्य यादीतलीच चालते. सर स्वतः निवडीत आले की बॅट त्यांचीही होते.

परसातली पिच:
३० की ३१ यात अडलात तर दोन्हींनी टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेला चेंडू मारायला लावा आणि मोबाइलवर स्लो-मोशन घ्या. बाहेरच्या कोपऱ्यावरचा चेंडू ३० ने पोचत नसेल तर ३१ घ्या, पण उणे ११ मध्ये, म्हणजे वजन २० औंसच राहील.

धागाकर्ता:
३१ उणे ११ आणि ३० उणे १० अशा दोन्ही दाखवणारं दुकान पुण्यात मिळालंय. भाची शनिवारी येतेय. अजून एक, ग्रिप टेप वेगळी घ्यावी लागते का?

तिसरा बेस:
सोबत येते तीच राहू द्या. जाड टेप गुंडाळली की तीही वजनात धरावी लागते.