स्त्रीरोगतज्ज्ञ आणि निसर्गोपचारक एकमेकांशी बोलतील, असे कोल्हापुरात कोणी आहे का?

रंकाळाकाठची
नमस्कार. माझे वय ४४ असून मी फुलेवाडीत राहते. वर्षभरापासून पाळीत रक्तस्राव फार होतो, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली आहे, हिमोग्लोबिन ९.२ आहे आणि थायरॉइडची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी गोळी दिली आहे. एका निसर्गोपचारकांकडे गेले, तर त्यांनी एकवीस दिवस रसाहार सांगून सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. बाईंना हे सांगितल्यावर त्या नुसत्या हसल्या, आणि त्यांचे हसणे मी निसर्गोपचारकांना सांगितल्यावर ते चिडले. या दोघांच्या मध्ये मी टपालवाली झाले आहे. मला दोन्ही हवे आहे, पण एकमेकांना विचारून चाललेले हवे आहे. महिन्याला तीन हजारांच्या वर खर्च जमणार नाही, आणि सासूबाई अंथरुणावर असल्याने बाहेरगावी मुक्कामही शक्य नाही. कोणाचा अनुभव असल्यास सांगावा.

पाचगावकर_वहिनी
ताई, तुम्ही सरळ उरुळी कांचनच्या आश्रमात दहा दिवस जाऊन या. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेली जागा आहे, तिथे सगळे एका छताखाली होते आणि कोणाला कोणाशी बोलावे लागत नाही. मी दोनदा जाऊन आले, चार किलो वजन उतरले आणि गुडघे इतके हलके झाले की परतल्यावर जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढले. खर्चाचे म्हणाल तर आपण लग्नकार्यात किती उधळतो, त्यापुढे हे काहीच नाही.

जुना_शाहूपुरीकर
मूळ प्रश्नात मुक्काम शक्य नाही असे स्पष्ट लिहिले आहे, तरी पहिलेच उत्तर मुक्कामाचे आले आहे. असो. माझ्या पत्नीची गोष्ट सांगतो, कारण ती याच विषयाची आहे. तिला मधुमेहाची गोळी चालू होती आणि एका उपचार केंद्रात तीन दिवसांचा उपवास सांगण्यात आला. गोळी चालू आहे हे तिथे कोणी विचारले नाही, उपवास चालू आहे हे हिने डॉक्टरांना कळवले नाही, आणि मलाही वाटले की पाणी आणि मध तर चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर तिकिटाच्या रांगेत ती खाली बसली ती उठेना, अंगाला दरदरून घाम आणि तोंडातून शब्द नाही. शेजारच्या चहावाल्याने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. उपवास वाईट नव्हता आणि गोळीही वाईट नव्हती, पण दोन्ही एकाच पोटात आहेत हे माहीत असलेला माणूस कोणी नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात निसर्गोपचार हा शब्द निघत नाही, आणि आपणही त्या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गुऱ्हाळवाले_कागल
हिमोग्लोबिन ९.२ म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही. आमच्या घरातल्या बायका जेवणानंतर गुळाचा खडा खातात आणि भाजी लोखंडी कढईत करतात, त्यांना कधी गोळी लागली नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेले नाही. मात्र गूळ रसायनविरहित, काळपट रंगाचाच घ्यावा. बाजारात जो पिवळाधमक दिसतो तो दिसायलाच चांगला असतो.

तपासनलिका
मी अठरा वर्षे रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन गोष्टी लिहिते. मानांकन गुळाच्या गावाला मिळते, गुळातल्या लोहाला नव्हे. खडाभर गुळातून मिळणारे लोह इतके थोडे असते की दर महिन्याला अंगावरून जाणारे रक्त त्याने भरून निघत नाही. लोखंडी कढईचा थोडा उपयोग होतो, विशेषतः टोमॅटो-कोकमासारखे आंबट पदार्थ शिजवताना. दुसरी गोष्ट ताईंसाठी अधिक महत्त्वाची आहे. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत किमान चार तासांचे अंतर हवे, नाही तर लोह थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने चहा-नाश्ता, आणि लोहाची गोळी दुपारी लिंबूपाण्याबरोबर, असा क्रम ठेवावा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवाव्यात, कारण त्यांनी अहवालाचे आकडे चुकतात. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणींना हे कोणीच सांगितलेले नसते.

गुऱ्हाळवाले_कागल
आमच्या आजीने प्रयोगशाळा पाहिली नव्हती आणि ती ९१ वर्षे जगली, एवढेच नमूद करतो.

उचगावचा_बाप
माझी मुलगी बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी, करते आहे, म्हणून सांगतो. वर्षभराच्या प्रशिक्षणासह हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र सगळे शिकवतात. सहा महिन्यांची पदविका भिंतीवर टांगणारे वेगळे आणि हे वेगळे. आणखी एक खूण अशी की निसर्गोपचार मुळात औषधाविना चालतो. माती, पाणी, आहार, उपवास, मालिश आणि योग एवढीच त्याची सामग्री आहे. जो निसर्गोपचारक म्हणवून घेऊन बिननावाच्या पुड्या देतो, त्याच्याकडून उठून यावे.

पाचगावकर_वहिनी
गांधीजींकडे कोणती पदवी होती?

उचगावचा_बाप
बॅरिस्टरची होती. आणि स्वतःचे ॲपेंडिक्स त्यांनी १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेनेच काढून घेतले होते, हेही ध्यानात असू द्यावे.

नागाळा_पार्क_७
वर कोणी लिहिले आहे की नाही ठाऊक नाही, पण लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. पुण्याला जाणे होत असेल, तर ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, सरकारी असल्याने दर परवडतात. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येते, फक्त पाठीचा कणा शाबूत हवा.

सुलभा_मंगळवार_पेठ
मला अशीच गाठ होती आणि मी तीन वर्षे दोन्हीकडे उपचार घेतले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे मातीच्या पट्टीने किंवा कटिस्नानाने गाठ विरघळेल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. माझी गाठ होती तेवढीच राहिली. पाळी थांबल्यावर अशा गाठी बहुधा आपोआप आकसतात, आणि माझ्या वेळी तेच झाले. निसर्गोपचाराने मला मिळाले ते झोप, पोट साफ होणे आणि कंबरेच्या दुखण्याला उतार. ओल्या मातीची पट्टी ओटीपोटावर ठेवून वीस मिनिटे पडून राहायचे, फडक्यातून गारवा हळूहळू आत उतरतो आणि दिवसभरात तेवढाच वेळ कोणी हाक मारत नाही. पाळीच्या दिवसांत मात्र थंड कटिस्नान घ्यायचे नाही, आणि रक्त कमी असताना लांब उपवास किंवा निव्वळ रसाहार तर नाहीच. दुसरी गोष्ट, पंचेचाळिशीच्या आसपास इतका रक्तस्राव होत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासण्याची गरज आहे का, हे बाईंना स्वतःहून विचारावे. तिसरी गोष्ट, एक साधी वही करावी. डाव्या पानावर गोळ्या आणि अहवाल, उजव्या पानावर आहार आणि उपचार, आणि दोघांनाही स्वतःच्या हाताने तीत लिहायला लावावे. तोंडी निरोपात प्रत्येक जण दुसऱ्याला हसतो. लिहिताना मात्र माणूस जपून लिहितो. माझे उपचारक आता सांगलीला गेले आहेत, पण हवे असल्यास त्यांच्याकडेच जावे, रविवारी ते बसतात.

जुना_शाहूपुरीकर
वहीची कल्पना उत्तम आहे. बाकी माझे मत कायम आहे.

रंकाळाकाठची
सर्वांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मी उरुळीलाही गेले नाही, पुण्यालाही नाही आणि सांगलीलाही नाही. कसबा बावड्यात नुकताच दवाखाना उघडलेली एक बीएनवायएस झालेली मुलगी सापडली, जिचे नाव इथे कोणी सुचवले नव्हते. वय इतके लहान की मी उंबऱ्यावरूनच परतणार होते. तिने वही चाळली, लोहाच्या गोळीच्या वेळेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "काकी, तुमच्या डॉक्टरबाईंचा नंबर द्या." माझ्यासमोरच फोन लावून तिने विचारले की रक्त अकराच्या वर जाईपर्यंत उपवास देणार नाही, फक्त आहार, मातीची पट्टी आणि श्वसन देते, चालेल का. पलीकडे बाई काही क्षण गप्प होत्या, मग त्यांनी स्वतःच अस्तराच्या तपासणीची तारीख सांगितली आणि ती वहीत लिहून घ्यायला लावली. एका वेळचे तीनशे रुपये, आठवड्यातून दोनदा. गोळ्या सगळ्या चालू आहेत. गूळही चालू आहे, कारण तो घरात आहे.

गुऱ्हाळवाले_कागल
पिवळा की काळपट?

पाचगावकर_वहिनी
डिसेंबरात आम्ही पुन्हा उरुळीला निघालो आहोत, गाडीत एक जागा रिकामी आहे. सासूबाईंसाठी बाई मिळाली, तर कळवावे.