मदत हवी आहे: कॉइलचा रोध जुळतो, मग पंपाचा का जुळत नाही?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. पुतण्या यंदा एसएसएलसीला (दहावीला) आहे, मराठी माध्यमात. विजेचा धडा शिकल्यापासून दिसेल त्या वस्तूचा रोध आणि शक्ती काढायचा त्याने सपाटा लावलाय. परवा गावातला वायरमन क्लॅम्प मीटर घेऊन आला होता, तेव्हा परड्यातल्या विहिरीपाशी दोन वस्तूंची मापं घेतली.

आधी पाणी तापवायची कॉइल. वर १५०० वॅट लिहिलंय. मापं २०५ व्होल्ट, ५.८ अँपिअर. भागाकार ३५.३ ओहम. गार झाल्यावर मल्टिमीटर लावला तर तोही ३५च्या आसपासच दाखवतो. शक्ती ११८९ वॅट. १५०० का नाही, हे पोराने आपलं आपणच शोधलं: ३५.३ ओहमला २३० व्होल्ट मिळाले तरच १५०० भरतात.

मग पंप. एक एचपी, सिंगल फेज मोनोब्लॉक. २०५ व्होल्ट, ७.२ अँपिअर, म्हणजे २८.५ ओहम. पण सप्लाय बंद करून, वायरी सोडवून वायंडिंग मोजलं तर फक्त ३.१! शक्ती काढली तर १४७६ वॅट, आणि एक एचपी म्हणजे ७४६.

शेजारचे काका म्हणतात वायंडिंग शॉर्ट झालंय, उन्हाळा तोंडावर आहे, आत्ताच बेळगावला नेऊन भरून घ्या. संध्याकाळी मोटर तापते हेही खरं. मोटर काढावी का? आणि पोराला काय सांगू? तो म्हणतो, सूत्र एकच असेल तर दोन उत्तरं कशी?

प्रतिसाद (उद्यमबाग, रिवायंडिंगचं काम)

दादा, मोटर काढू नका. एक एचपीच्या सिंगल फेज मोटरचं रनिंग वायंडिंग दोन-चार ओहमच असतं. आमच्याकडे रोज मोजतो. शॉर्ट झालं असतं तर अँपिअर चढले असते, जळका वास आला असता, फ्यूज टिकला नसता. सप्लाय बंद असताना वायंडिंग आणि बॉडी यांच्यात तेवढं मोजून बघा. तिथे काहीच रीडिंग यायला नको. कपॅसिटर आधी डिस्चार्ज करा, पोराला हात लावू देऊ नका.

संध्याकाळी का तापते ते सांगतो. व्होल्टेज उतरला की कॉइल कमी करंट घेते आणि पाणी उशिरा तापतं, एवढंच. मोटरचं उलटं. तिला तेवढंच पाणी उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज कमी पडला की ती करंट जास्त ओढते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ७.२ अँपिअरला ३.१ ओहममध्ये ढोबळमानाने १६० वॅट जातात, ९ अँपिअरला २५०. सीझनला आमच्याकडे येणाऱ्या जळक्या मोटरी बहुतेक याच कारणाने येतात.

प्रतिसाद (चिक्कोडी, शिक्षिका)

पुतण्याचा प्रश्न फार चांगला आहे, त्याला नक्की सांगा. सूत्र चुकलेलं नाही. मल्टिमीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध दाखवतो. मोटर चालू असते तेव्हा एसीमुळे तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि त्याच वायंडिंगमध्ये उलट दिशेचा व्होल्टेज तयार करतं. करंटला मुख्यतः तोच अडवून धरतो. नुसता ३.१ ओहमचा रोध असता तर ६६ अँपिअर वाहिले असते. तुमचे २८.५ ओहम म्हणजे या सगळ्याचा मिळून झालेला अडथळा. त्याला इम्पीडन्स म्हणतात.

शक्तीचंही तसंच. मोटरचा करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, त्यामुळे नुसत्या गुणाकाराने खरे वॅट मिळत नाहीत. खरे वॅट घरच्या मीटरवर मोजता येतात. बाकी सगळं बंद करून फक्त पंप चालवा आणि लाल दिव्याच्या २० उघडझापांना किती सेकंद लागतात ते बघा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला ३२०० उघडझापा) लिहिलं असेल तर एक उघडझाप म्हणजे ११२५ जूल. विहिरीपर्यंत वायर किती लांब आहे?

धागाकर्ता

बॉडीशी काही रीडिंग नाही, जीव भांड्यात पडला. मीटर ३२०० चाच आहे, २० उघडझापांना १९ सेकंद. वायर तांब्याची, अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), ९० मीटर. एक गोष्ट मात्र कळेना. कॉइल चालू असो की पंप, घरच्या बोर्डावर २१२ आणि विहिरीवर २०५. करंट ५.८ आणि ७.२, मग दोन्ही वेळा सातच व्होल्ट कसे उतरतात?

प्रतिसाद (चिक्कोडी, शिक्षिका)

पोराने हेही टिपलं म्हणजे कमाल आहे! आधी कॉइल घ्या. ७ भागिले ५.८ म्हणजे १.२ ओहम. तांब्याच्या हिशेबाने अडीच स्क्वेअरची १८० मीटर वायर (जाऊन येऊन) १.२४ ओहम भरते. जुळलं.

आता पंप. मीटरवर २० गुणिले ११२५ भागिले १९, म्हणजे ११८४ वॅट. वायरमध्ये ७.२ च्या वर्गाला १.२४ ने गुणून ६४ वॅट जातात. मोटरला उरले ११२०. त्याला १४७६ ने भागलं की ०.७६, हा पॉवर फॅक्टर. व्होल्टेजबरोबर पावलात पाऊल टाकून चालणारा करंट ७.२ चा ०.७६ पट, म्हणजे ५.५ अँपिअरच. व्होल्ट मुख्यतः त्याच्यामुळे उतरतात, म्हणून सातच्या जवळ. वायर तापते मात्र पूर्ण ७.२ अँपिअरने.

आणि ७४६ वॅट म्हणजे मोटरच्या शाफ्टवर मिळणारी ताकद. ११२० घेऊन ७४६ देणारी लहान मोटर नेहमीसारखीच समजायची.

प्रतिसाद (उद्यमबाग, रिवायंडिंगचं काम)

मॅडमनी हिशेब पक्का केला. वायर चार स्क्वेअरची केली तर ६४ चे ४० वॅट होतील आणि दोन-अडीच व्होल्ट वाचतील. पण खरी घट घरच्या बोर्डाच्या आधीच होतेय, तेव्हा त्यासाठी आत्ता खर्च नको. पंप पहाटे चालवा. संध्याकाळी चालवायचाच झाला तर नेमप्लेटवरचे अँपिअर बघून ठेवा, क्लॅम्प मीटर त्याच्यावर गेला की लगेच बंद करा.