एकट्या गिटारीवरचा जॉनी कॅश: खरा, की घडवलेला?

रानवाट

परवा एका मित्राशी कडाक्याचं वाजलं, तेच भांडण इथे आणतोय. विषय अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांचा गायक जॉनी कॅश याचा १९९४ चा अल्बम 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: तेरा गाणी, एक आवाज, एक गिटार. एवढंच. ड्रम नाहीत, मागे कोरस नाही. कॅश तेव्हा ६२ वर्षांचा. ज्या कोलंबिया कंपनीसाठी तो १९५८ पासून गायला, तिने १९८६ मध्ये त्याला नारळ दिला होता. पुढे मर्क्युरीसाठी केलेल्या रेकॉर्डांना कुणी फारसं विचारलं नाही. आणि मग त्याच्या दारात आला रिक रुबिन. रॅप आणि स्लेयरसारख्या कानठळ्या बसवणाऱ्या बँडच्या रेकॉर्डी काढणारा दाढीवाला माणूस. त्याने कॅशला लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या दिवाणखान्यात बसवलं, हातात गिटार दिली आणि आवडतील ती गाणी म्हणायला लावली. काही गाणी कॅशच्या हेंडरसनव्हिलच्या लाकडी केबिनमध्ये झाली, दोन 'व्हायपर रूम' क्लबात लोकांसमोर. मध्ये साथीदार घेऊनही करून पाहिलं, पण शेवटी एकट्याचीच ठेवली.

माझं म्हणणं एवढंच की त्याच्या आवाजाला चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोकळी जागा मिळाली. प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) नाही, नुसत्या अंगठ्याने तारा छेडल्यात. श्वास ऐकू येतो. खालच्या सुरात आवाज किंचित खरखरतो, तोही तसाच ठेवलाय. मित्र म्हणतो, ही सगळी रुबिनची नेपथ्यरचना. तुम्हाला काय वाटतं?

बापू सातारकर

मित्राचा पत्ता द्या, चहा पाजतो.

शाहिराचे झीलकरी काढून घ्या, डफ काढून घ्या, तुणतुणं काढून घ्या, आणि मग म्हणा की आता खरा पोवाडा ऐकू आला! कॅश म्हणजे काय होतं? डावीकडे ल्यूथर पर्किन्सची टुकटुक गिटार, उजवीकडे मार्शल ग्रँटचा बास, मध्ये हा. तो आगगाडीसारखा ठेका या तिघांनी मिळून काढला. तिघांनाही फार वाजवता येत नव्हतं, त्यातूनच तो जन्मला. १९६८ चं फॉल्सम तुरुंगातलं रेकॉर्डिंग ऐका. कैदी ओरडतायत, बँड धावतोय, कॅश विनोद करतोय. तो माणूस जिवंत वाटतो. १९९४ चा कॅश मला काळ्या कोटातला पुतळा वाटतो.

कव्हर पाहिलंत ना? ढगाळ आभाळ, लांब कोट, दोन्ही बाजूंना दोन कुत्रे. एक काळा, त्यावर पांढरा पट्टा; एक पांढरा, त्यावर काळा पट्टा. कॅश सांगायचा, एकाचं नाव पाप आणि दुसऱ्याचं उद्धार. एवढं जुळवून आणल्यावर 'साधेपणा' कसला डोंबलाचा?

नॅशव्हिलकर

बापू, दंडवत, पण एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते. नुसता आवाज आणि गिटार असा अल्बम करायची कल्पना रुबिनची नव्हतीच. कॅशच्या डोक्यात ती कित्येक वर्षं होती, 'लेट अँड अलोन' असं नावही त्याने ठरवून ठेवलं होतं. करू देणारं कुणी भेटत नव्हतं इतकंच.

शिवाय ठेक्याचं म्हणाल तर १९५६ मध्ये सन स्टुडिओत 'आय वॉक द लाइन' केलं तेव्हा ड्रम नव्हतेच. कॅशने तारांखाली कागदाचा कपटा सरकवला आणि गिटारच स्नेअर ड्रमसारखी खर्र-खर्र वाजवली. म्हणजे त्या आगगाडीची वाफ मूळची त्याच्याच उजव्या हातात होती. १९९४ मध्ये फक्त कागद काढला.

मी इथे नॅशव्हिलमध्ये, कंट्री संगीताच्या राजधानीत, नोकरीनिमित्त बारा वर्षं आहे. जुन्या पिढीतल्या शेजाऱ्यांना मात्र हा अल्बम अजून आवडत नाही. त्यांचं मत बापूंसारखंच. 'आमचा जॉनी रॉकवाल्या पोरांनी पळवला' असा सूर असतो.

बापू सातारकर

बघा! गावकरी माझ्या बाजूने आहेत. :)

कागदाचा मुद्दा मान्य. पण गाणी कुणाची? लिओनार्ड कोहेन, टॉम वेट्स, ग्लेन डँझिग. हेवी मेटलवाल्या डँझिगचं गाणं कॅशने आपणहून शोधलं असतं का? रुबिनने स्वतःच्या फडताळातलं सामान म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलं. तेही बहुतेक काळंकुट्ट. मिश्किल कॅश गेला कुठे?

मुक्ता७७

मिश्किल कॅश शेवटच्या गाण्यात आहे, बापूकाका. लाउडन वेनराइटचं, रडता न येणाऱ्या माणसाचं. व्हायपर रूममधलं आहे, लोक खळखळून हसताना ऐकू येतात. एकदा शेवटपर्यंत ऐका तरी!

आणि सगळं उसनंही नाही. आगगाडीच्या शिट्टीचं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचं, 'रिडेम्प्शन', 'लाइक अ सोल्जर' ही त्याची स्वतःची. 'द बीस्ट इन मी' निक लोचं. हा लो एकेकाळी त्याचा जावई, म्हणजे कॅशची बायको जून कार्टर हिच्या मुलीचा नवरा. घरातलंच गाणं की ते.

माझी तक्रार वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाहीये. पहिलंच गाणं 'डिलियाज गॉन'. निवेदक बायकोसारख्या बाईला खुर्चीला बांधतो, गोळ्या घालतो आणि तुरुंगात बसून सांगतो. यामागची खरी डिलिया ग्रीन १४ वर्षांची होती. जॉर्जियातल्या सव्हाना गावात १९०० च्या नाताळात तिला तेवढ्याच वयाच्या पोराने गोळी घातली. लोकगीत गावोगाव फिरत गेलं, तशी पोर बाई झाली, आणि बाई वाईट झाली. व्हिडिओत तर डिलिया म्हणून केट मॉस ही मॉडेल! अल्बमचा दरवाजाच या गाण्याने उघडायचा, हे मला खटकतं. हा 'खरेपणा' कुणासाठी?

रानवाट

मुक्ता, हे गाणं कॅशने १९६२ मध्येही गायलं होतं, म्हणजे रुबिनने धक्का द्यायला शोधून आणलं असं नाही. खुनाची गाणी ही तिकडच्या डोंगराळ मुलखातली जुनी परंपरा आहे. आणि शेवटी खुन्याला रात्री बिछान्याभोवती तिच्या पावलांचा आवाज येतो. शिक्षा तीच.

मुक्ता७७

परंपरा आहे हे मलाही ठाऊक आहे हो. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही सासुरवास, मारहाण सगळं आहे. फरक एवढाच की तिथे सोसणारी गाते. इथे मारणारा गातो आणि आपण त्याच्या आवाजाच्या खरखरीचं कौतुक करतो. खून केल्यावर झोप येत नाही ही शिक्षा झाली?

गाणं बंद करा म्हणत नाहीये. मीही ऐकते. पण ऐकताना अंगावर काटा येतो तो आवाजामुळे की तिच्यामुळे, हे स्वतःला विचारावं लागतं.

नॅशव्हिलकर

ओव्यांचा मुद्दा मनात घर करून राहील.

हापूसप्रेमी

मी 'हर्ट' या गाण्याच्या व्हिडिओवरून कॅशकडे आलो. हा अल्बम त्याच्या आधीचा का?

रानवाट

हो, आठ वर्षं आधीचा. 'हर्ट' २००२ चं, रुबिनबरोबरच्या याच मालिकेतल्या चौथ्या अल्बममधलं. वर्षभरात, सप्टेंबर २००३ मध्ये तो गेला. तिथे आवाज पार थकलेला आहे. १९९४ मध्ये तो अजून भक्कम आहे, म्हणून मला हा जास्त आवडतो. थकव्याचं भांडवल इथे नाही.

बापू सातारकर

हे मात्र पटलं. 'हर्ट'पेक्षा हा बरा.

तरी एक राहिलंच. १९९५ चं ग्रॅमी याला मिळालं ते समकालीन लोकसंगीताचं, कंट्रीचं नव्हे. पुढच्या 'अनचेन्ड' अल्बमला कंट्रीचं मिळालं, तर १९९८ मध्ये बिलबोर्ड या संगीताच्या नियतकालिकात पानभर जाहिरात दिली: कॅशचा मधलं बोट दाखवतानाचा जुना फोटो आणि नॅशव्हिलच्या मंडळींचे व कंट्री रेडिओचे उपरोधिक आभार. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ज्याला आपण दिवाणखान्यातला एकटा म्हातारा म्हणतोय, त्याच्या मागे केवढी यंत्रणा होती हे त्या पानावरून कळतं.

नॅशव्हिलकर

यंत्रणा कोलंबियाकडेही होतीच की, बापू. तिने १९८४ मध्ये त्याचं एक विनोदी कोंबडीचं गाणं काढलं, ज्याची त्याला पुढे लाज वाटली. दोन यंत्रणांपैकी एकीने निदान माईक जवळ ठेवला आणि गप्प बसली.

मुक्ता७७

कोंबडीचं खरंय?? शोधते आता.

बापू सातारकर

शोधू नका, ताई. मी तो व्हिडिओ पाहिलाय. त्यापेक्षा काळा कोट परवडला.

बरं, शेवटचं गाणं लावलंय आत्ता. हसतायत खरे लोक.