मदत हवी आहे: मुंबई-लंडन विमानाचं अंतर आणि वेळ, गणित जुळंना

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. आई-अण्णा मे महिन्यात ताईकडं लंडनला निघालेत, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. तिकिटावर मुंबईहून दुपारी १:३० ला सुटणार, संध्याकाळी ६:३० ला पोचणार असं आहे. अण्णा म्हणाले, "पाच तासांत लंडन? एसटीला संभाजीनगर गाठायला याच्याहून जास्त लागतात की!" घड्याळातला साडेचार तासांचा फरक मिळवून साडेनऊ तास, एवढं त्यांना पटवलं. पुढं मीच अडकलो.

पोरगं दहावीला आहे. त्यानं नकाशावरून अक्षांशांतला फरक ३२.४ आणि रेखांशांतला ७३.३ घेतला, अंशाला १११ किमी धरून पायथागोरस लावला. आलं ८,९०० किमी. नेटवर ७,२०० दाखवतंय. मधले १,७०० किमी गेले कुठं?

बरं, ७,२०० ला ताशी ९०० नं भागलं तर ८ तास. मग साडेनऊ का?

परतीचं विमान नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तिकडून रात्री ८:३०, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११. साडेचौदातून साडेचार वजा केले तर १० तास. येताना कमी वेळ लागतो म्हणतात ना?

भूगोलवाले गुरुजी, उदगीर
पोराला शाबासकी द्या, चूक चांगली केलीय. अक्षांशाचा अंश सगळीकडं १११ किमीच, पण रेखांशाचा तेवढा फक्त विषुववृत्तावर. मुंबईच्या अक्षांशावर तो १०५ होतो, लंडनला जेमतेम ६९. शिवाय पायथागोरस सपाट कागदावरचा. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणा आणि विषुववृत्ताच्या घेराशी प्रमाण लावा. घेर ४०,००० किमी धरा. आकडेमोडच हवी असेल तर दोन्ही जागांमधला कोन पृथ्वीच्या केंद्रापाशी काढायचा, तो येतो सुमारे ६४.९ अंश. आता गुणा १११ नं.

रात्रपाळीवाला, नांदेड
वेळेचं सांगतो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच. जाताना वारा समोरून. ताशी ७० चा धरला तरी वेग ८३० वर येतो, म्हणजे पावणेनऊ तास इथंच. आणि गुरुजींचा दोरा युक्रेनवरून जातो, तिथलं आकाश २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, म्हणून वळसा.

परतीला तुम्ही फसलात ते घड्याळात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर मागं घेतात. नोव्हेंबरात फरक साडेपाच. साडेचौदातून साडेपाच गेले, राहिले ९. येताना वारा पाठीमागून.

मूळ लेखक
गुरुजी, शेजारच्या शाळेतून गोल आणला. घेर ९६ सेंमी, दोरा १७ च्या थोडा पुढं. बरोब्बर ७,२०० च्या आसपास! पोरगं आता घरातल्या सगळ्यांना दोरा दाखवत फिरायलंय. अण्णांचा एक प्रश्न मात्र राहिलाय: एवढ्या साडेनऊ तासांत अंधार कधी पडणार?

रात्रपाळीवाला, नांदेड
पडणारच नाही. सूर्याच्या मागं मागं जाणार ना ते. मेमध्ये लंडनला सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात. अण्णांना खिडकीची सीट घ्या, पण पडदा ओढायला शिकवून ठेवा.