शब्दचर्चा : फाशी ‘झाली’, फाशी ‘दिली’ की फाशी ‘गेला’?

मुद्रितशोधक :
हे तीन मथळे पाहा. ‘खून प्रकरणी आरोपीला फाशी’, ‘उच्च न्यायालयाकडून फाशी कायम’, ‘मृत्यूदंड रद्द’. फाशी, मृत्युदंड, देहदंड, देहान्त हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ते खरंच अदलाबदलीचे आहेत का? आणि ‘फाशी झाली’ म्हणजे शिक्षा सुनावली गेली की माणूस मेला?
शुद्धलेखनाचं आधीच सांगतो. ‘मृत्यू’ एकटा असताना दीर्घ, समासाचं पहिलं पद झाला की ऱ्हस्व : मृत्युदंड, मृत्युपत्र, मृत्युलेख. तसंच ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ (फाशी अशाच प्रकरणात द्यावी, ही न्यायालयाची कसोटी) : सामान्यरूपात ऱ्हस्व, मूळ शब्दात दीर्घ.

कोर्टकचेरी :
पहिल्या मथळ्यात ‘आरोपी’ चुकलंय. दोष सिद्ध होईपर्यंतच आरोपी, पुढे दोषी, तुरुंगाच्या भाषेत सिद्धदोष बंदी. आरोपीला शिक्षा होत नसते.

आता ‘फाशी’. सत्र न्यायालय ती सुनावतं, पण तेवढ्यावर कुणालाही फासावर नेता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 407 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 366) सगळं प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं आणि तिथे किमान दोन न्यायमूर्तींनी शिक्षा कायम केल्याशिवाय अंमल होत नाही. कैद्याने अपील केलं नाही तरी हे होतंच. त्यामुळे ‘कायम करणे’ ही कायद्यातली वेगळी पायरी आहे. सर्वोच्च न्यायालय अपिलात फाशी ‘कायम ठेवतं’. करणे आणि ठेवणे यांतला फरक बातमीत पाळलाच पाहिजे, कारण त्यावरून प्रकरण कुठपर्यंत आलंय ते कळतं. पुढे फेरविचार याचिका, मग दयेचा अर्ज : राज्यपाल (संविधानाचा अनुच्छेद 161), राष्ट्रपती (अनुच्छेद 72). दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यावरही किमान 14 दिवस जावे लागतात, हे 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालाने ठरलं.

‘फाशीची शिक्षा झालेला कैदी’ या शब्दांवरही 1978 मध्ये सुनील बत्रा प्रकरणात वाद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळे मार्ग संपून शिक्षा प्रत्यक्ष अंमलात आणण्याजोगी होत नाही, तोवर तुरुंग कायद्याच्या अर्थाने तो माणूस ‘मृत्युदंडाखालचा’ नाही, त्यामुळे त्या नावाखाली त्याला एकांतवासात ठेवता येणार नाही. एका शब्दाचा अर्थ लागला आणि माणसांना कोठडीबाहेरचं ऊन मिळालं.

तिसऱ्या मथळ्यातला ‘रद्द’ तर मला सर्वांत घातक वाटतो. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळे फाशीऐवजी जन्मठेप दिली. दोष जसाच्या तसा राहिला, शिक्षा बदलली. उलट महाराष्ट्रातल्याच 2003 च्या एका प्रकरणात सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने फाशी ठरली आणि त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. दोन्हीकडे मथळा एकच : ‘फाशी रद्द’. पहिल्या ठिकाणी ‘फाशीचं जन्मठेपेत रूपांतर’ हवं, दुसऱ्या ठिकाणी ‘निर्दोष मुक्तता’. मधल्या दहा वर्षांत अंमल झाला असता, तर दुसरा शब्द वापरायला माणसंच उरली नसती.

पोथीपान :
आज ‘दंड’ म्हटलं की पावती आठवते. मुळात दंड म्हणजे काठी, त्यावरून शासन. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्य चार दंड सांगतात : वाग्दंड, धिग्दंड, धनदंड, वधदंड. म्हणजे आधी समज, मग धिक्कार, मग पैसा, शेवटी शरीर. यातला ‘वध’ म्हणजे केवळ ठार मारणं नव्हे, मारहाण आणि अवयवच्छेदही त्यात येतात. म्हणून जुन्या ग्रंथातल्या ‘वधदंडा’चं भाषांतर डोळे मिटून ‘फाशी’ करू नये. ‘देहदंड’ जपून वापरा, कारण उपासतापासांनी शरीर झिजवण्यालाही देहदंड म्हणतात. बातमीत मृत्युदंड बरा.

आणि ‘देहान्त’ पूर्ण वेगळा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पण आपण ती ‘रामशास्त्र्यांनी देहदंड दिला’ अशी सांगतो तिथे चूक होते. दंड राजा देतो, प्रायश्चित्त ज्याचं त्यानेच घ्यायचं असतं. शास्त्री फक्त सांगतो. जाणूनबुजून केलेली ब्रह्महत्या हे महापातक, त्याला त्याहून हलकं प्रायश्चित्त नाही, हा शास्त्राचा निर्णय त्यांनी बोलून दाखवला. राघोबांनी ते घेतलं नाही आणि घ्यायला लावणारी सत्ता त्यांच्याच हातात होती. दंड आणि प्रायश्चित्त यांतलं अंतर दाखवणारा याहून स्वच्छ दाखला मराठीत नसेल.
शब्दाचा अर्थही पाहा : देहाचा अन्त. मागे काही उरतं, असं हा शब्द गृहीत धरतो. ‘मृत्यू’ तसं काही गृहीत धरत नाही.

निरुक्ती :
पाश, त्यावरून फास, त्यावरून फाशी. सूळ निराळा, तो टोकदार. ‘सुळावरची पोळी’ त्यातलीच. ‘वधस्तंभ’ मराठी बायबलमध्ये क्रुसासाठी रुळलाय, फाशीच्या खांबाला तो लावू नये. ‘कडेलोट’ रायगडाच्या टकमक टोकावरून थेट ‘सहनशीलतेचा कडेलोट’ इथवर आला, आता त्यात शिक्षेची आठवणही उरलेली नाही.

मला महत्त्वाची वाटतात ती क्रियापदं. दामोदर चाफेकर 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात फाशी ‘गेले’. सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यातच फाशी ‘गेले’. इथे कर्ता मरणारा आहे, पाऊल त्याचं आहे. ‘फाशी दिली’ म्हणताना कर्ता सरकार. ‘फाशी झाली’ म्हटलं की कर्ताच नाहीसा होतो, जणू पाऊस झाला. ज्या मरणाची तारीख, वेळ आणि हुकूम कागदावर असतो, तेवढ्याच मरणाला आपण कर्ता नसलेलं वाक्य का द्यावं? फाशी असावी की नसावी यावर मतं वेगळी असतील, पण ती देतं कोण, हे वाक्यात दिसलंच पाहिजे. आपल्या नावाने दिली जाते ती.

मुद्रितशोधक :
मग ‘वध’ म्हणावं का? कर्ता तर त्यात स्पष्टच असतो.

निरुक्ती :
नको. मराठीत वध म्हटलं की मारणाऱ्याचा हक्क मान्य होतो : अफझलखानाचा वध, कंसाचा वध. म्हणून गांधीजींच्या खुनाला ‘वध’ म्हणणं हा निव्वळ शब्दांचा प्रश्न नसतो, तो निवाडा असतो, आणि चुकीचा असतो. (‘सदोष मनुष्यवध’ ही कायद्याची संज्ञा, ती याला अपवाद.) फाशीला वध म्हणाल तर समर्थन होईल, खून म्हणाल तर निषेध. बातमीदाराने दोन्ही टाळावं. विरोध करायचा तर बाबासाहेबांनी 3 जून 1949 ला संविधान सभेत केला तसा उघड करावा. अहिंसा हे तत्त्व मानणाऱ्या देशाने फाशीची शिक्षा काढूनच टाकावी, असं त्यांनी सरळ मांडलं होतं.

कोर्टकचेरी :
‘मरेपर्यंत फाशी’ यातला ‘मरेपर्यंत’ बरेच जण अलंकार समजतात. तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 393(5) मधला आदेश आहे. दोर तुटला तर कैदी सुटतो ही समजूत त्या एका शब्दामुळे खोटी ठरते : शिक्षा लटकवण्याची नाही, मृत्यूची आहे.
असाच घोटाळा जन्मठेपेचा. ती 14 वर्षांची नसते. ती उरलेल्या आयुष्यभराची असते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर सरकारला शिक्षेत सूट देऊन 14 वर्षांआधी सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

मुद्रितशोधक :
म्हणजे पहिला मथळा असा करतो : ‘खून प्रकरणी दोषीला सत्र न्यायालयाने सुनावली फाशी; उच्च न्यायालयाची मंजुरी बाकी’.

कोर्टकचेरी :
‘मंजुरी’ काढा. वर जाऊन शिक्का मारून आणायचा असं त्यातून वाटतं. उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासतं, जादा पुरावा मागवू शकतं, निर्दोषही ठरवू शकतं. ‘शिक्षा कायम होणं बाकी’ एवढंच लिहा.