ऐच्छिक विषय निवडण्याआधी यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) यादी बघा
‘बायबल सक्तीचं, त्यामुळे ख्रिश्चन हायस्कूलमध्ये ऐच्छिक विषय नावापुरतेच’ हे मत मला पटलं नाही. माझी मुलगी कॅलिफोर्नियात अशाच शाळेत आहे. बायबलचा तास रोज असतो हे खरं, पण सिरॅमिक्स, इयरबुक (शाळेचा वार्षिक अंक काढणं), रोबोटिक्स, क्वायर (समूहगान) यांतून निवड करता येते. तिने क्वायर घेतलं. नाताळसाठी चार सुरांतली गाणी बसवता बसवता तिला अशी गोडी लागली की आता घरी पेटी उघडून स्वतःचा सूर तपासत बसते. मला हे फार मोलाचं वाटतं.

एक मुद्दा मात्र राहिलाय. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी वर्षभराचे १५ विषय लागतात. त्यात एक वर्ष कला आणि एक वर्ष ऐच्छिक विषय, आणि इथल्या शाळांचे ते यूसीने मंजूर केलेले असावे लागतात. ख्रिस्ती शाळांचे काही अभ्यासक्रम नाकारले म्हणून २००५ मध्ये खटला झाला होता; २०१० मध्ये अपिलातही यूसीच जिंकली. मंजूर विषयांची यादी ऑनलाइन शाळेच्या नावाने शोधता येते. विषय निवडीचा फॉर्म भरण्याआधी ती बघाच, आम्ही एक विषय त्यामुळेच बदलला.